एकशेवीस बाय तेहेतीस

२०२३ च्या नोव्हेंबरात नागपुरातल्या आमच्या लेआउटमधले, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीतले, सर्व्हेअर काका काटोलला होते. शेतात संत्र्याची तोड चालू होती. दहा-बारा दिवसांनी परतले आणि दारात साठलेले पेपर घेऊन बसले. बातम्या सोडून जाहीर सूचना आधी वाचायच्या, ही त्यांची नोकरीतली सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते ग्राउंडवर आले. मी मुलींची खो-खोची प्रॅक्टिस घेत होते.

"मॅडम, हे वाचलं का जी तुमी?"

मी वाचलं. दोनदा वाचलं. मौजा, खसरा क्रमांक, "खेळाचे मैदान या आरक्षणाखालील १.२० हेक्टरपैकी ०.८० हेक्टर क्षेत्र आरक्षणातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे", "अधिनियमाचे कलम ३७ अन्वये", "हरकती व सूचना". मला काहीच कळलं नाही. आम्ही या जागेला मोठं ग्राउंड म्हणतो. तिचा खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीचा सरकारी क्रमांक, मला चोवीस वर्षांत कधी लागला नव्हता.

"हे आपलंच ग्राउंड हाये," काका म्हणाले. "तीन भागातले दोन भाग चालले. आन् महिन्यातले अकरा दिवस गेले बी."

मी शाळेत पीटी शिकवायचे. २०१९ साली निवृत्त झाले, पण सकाळ-संध्याकाळ ग्राउंडवर जाणं थांबलं नाही. मानेवाड्याच्या बाजूला रिंग रोडच्या आत आमचा लेआउट आहे. ग्राउंड म्हणजे मुरमाची सपाट जागा, कडेला गाजरगवत, एका कोपऱ्यात दोन कडुलिंब. पहाटे पाचपासून पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. सहानंतर क्रिकेट, मग माझ्या मुली. संध्याकाळी म्हातारी माणसं फेऱ्या मारतात. सप्टेंबरात २२-२३ तारखेच्या त्या रात्री नागपुरात जो पाऊस झाला, तेव्हा अंबाझरी आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे नाल्याचं पाणी ग्राउंडमध्ये शिरलं आणि तिथेच थांबलं, घरांपर्यंत आलं नाही. दोन दिवस आम्हाला खेळता आलं नाही, एवढंच.

पुढच्या दीड वर्षात जे शिकले ते लिहून ठेवते आहे, कारण अशी जाहीर सूचना तुमच्याही ग्राउंडबद्दल पेपरात येऊ शकते आणि तुमच्याकडे सर्व्हेअर काका असतीलच असं नाही.

पहिली गोष्ट काकांनी त्याच सकाळी कडुलिंबाखाली समजावली. शहराची विकास योजना, म्हणजे कोणती जागा कशासाठी राखायची हे ठरवणारा आराखडा, मंजूर झाली की तिच्यातलं एखादं आरक्षण कोणालाही मनात आलं म्हणून उठवता येत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात त्याची वाट आखून दिलेली आहे. कलम ३७ म्हणजे फेरबदल. आधी ठराव, मग राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना, एक महिना हरकती-सूचनांसाठी, मग हरकत घेणाऱ्यांची सुनावणी, मग प्रस्ताव मुंबईला शासनाकडे. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेतं आणि मंजूर करतं, बदल करून मंजूर करतं किंवा नाकारतं. अट एकच, की या फेरबदलाने योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये.

"म्हणजे आपल्याला बोलायची एकच खिडकी आहे," मी म्हटलं.

"हाव. आन् ते खिडकी एकोणीस दिवसांनी बंद होते. मंग मोर्चा काढा का उपोषण करा, फाइलीत कागद नाई तर तुमी नाई."

एरवी लोक नगरसेवकाच्या घरी जातात. पण मार्च २०२२ पासून नागपुरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. ज्याचं दार वाजवायचं तोच नाही म्हटल्यावर कागदच हाती राहिला.

रविवारी हनुमान मंदिराच्या सभामंडपात बैठक घेतली. साठेक माणसं आली. तिथे जे झालं त्याने मला दोन रात्री झोप लागली नाही. ठरावाची प्रत कोणीतरी काढून आणली होती. त्यात लिहिलं होतं की वगळलेल्या जागेवर आर्थिक दुर्बल घटकांसाठी एकशेसाठ घरं बांधायची. ते वाचल्याबरोबर सूर बदलला. मैदान बाजूला पडलं. "झोपडपट्टी आणून बसवणार का आपल्या डोक्यावर?" "प्लॉटचे भाव पडतीन." एकाने तर हरकतीचा मसुदाच लिहून आणला होता. त्यात वस्तीचा दर्जा खालावेल, चोऱ्या वाढतील, असं सगळं होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, या कागदावर मी सही करणार नाही. नाल्याच्या पलीकडे जी माणसं राहतात, त्यांच्या मुली माझ्या संघात आहेत. गेल्या वर्षी जिल्हा पातळीवर आपला लेआउट ज्यांच्यामुळे पेपरात आला, त्यांतल्या चार जणी तिथल्या आहेत. त्यांच्या घराला हरकत घ्यायची असेल तर मला वगळा.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग काका म्हणाले, दर्ज्याबिर्ज्याचं लिहिलं तर अधिकारी एका ओळीत फेटाळतील, आणि बरोबरच करतील. हरकत आरक्षणाबद्दल पाहिजे, माणसांबद्दल नाही. त्यावर निम्मे लोक उठून गेले. जे राहिले त्यांच्यातूनच पुढे काम झालं.

त्याच संध्याकाळी मी नाला ओलांडून मावशींकडे गेले. त्या शाळेत खिचडी शिजवतात. त्यांची धाकटी माझ्याकडे खेळते, पोल डाइव्ह, म्हणजे खांबाला धरून मारायची झेप, तिच्यासारखी कोणाची नाही. मावशींचं नाव घरकुलाच्या यादीत होतं. ज्या घरांसाठी ग्राउंड जाणार होतं, त्यांतलं एक त्यांना मिळण्याची शक्यता होती. मी हे आधी माहीत नसताना गेले होते. चहा पुढे आला आणि मला तोंड उघडवेना.

मावशीच म्हणाल्या, "तुमी ग्राउंड वाचवाले निघाल्या, हे आलं माह्या कानावर. वाचवा. पण मॅडम, दर पावसाळ्यात मी पोरीइले घेऊन खाटंवर बसून रात काढतो. पक्कं घर आलं तं मी नाई म्हनू का?"

म्हणू नका, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो आमच्या साठ माणसांच्या बैठकीत कोणाला सुचला नव्हता. "तिथं घरं झाली आन् ग्राउंड नाई राह्यलं, तं आमच्या पोरी खेलाले कुठी जातीन?"

तिथून आमची हरकत बदलली. घरं नकोत असं न म्हणता, घरं कुठे आणि किती जागेत बसतील, हे आम्हीच काढून द्यायचं ठरलं. कायद्यात शब्दच "हरकती व सूचना" असा आहे. लोक हरकत घेतात आणि सूचना विसरतात.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, आमच्याकडे तेवढे दिवस नव्हते. म्हणून अर्जासोबतच कार्यालयात जाऊन भाग नकाशा पाहायला मागितला. हरकतीची मुदत चालू असताना तो पाहायला ठेवलेला असतो, हे सूचनेतच छापलेलं होतं. काकांनी तो टेबलावर पसरवला आणि पट्टी लावली.

मग कळलं की तीनात दोन भाग जाणं हे अर्धंच दुखणं होतं. ग्राउंड एकशेवीस मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद आहे. प्रस्तावात रस्त्याकडून सदुसष्ट मीटर रुंदीची पट्टी घरांसाठी घेतली होती. उरत होतं एकशेवीस बाय तेहेतीस. कागदावर ते जवळपास चाळीस गुंठे दिसतं. चाळीस गुंठे म्हणजे ऐकायला कमी नाही. पण मैदान गुंठ्यांत मोजायचं नसतं.

घरी येऊन मी आलेख कागद घेतला. शाळेत असताना दरवर्षी क्रीडा दिनाच्या आदल्या दिवशी चुन्याची फक्की मारून मैदान आखायचे, तेच काम आता पेन्सिलीने केलं. एका सेंटिमीटरला दहा मीटर. खो-खोचं मैदान सत्तावीस बाय सोळा. ते तेहेतीस मीटरच्या पट्टीत बसतं. कबड्डी तेरा बाय दहा, तीही बसते. पण पळायचं कुठे? दोनशे मीटरचा चार पट्ट्यांचा ट्रॅक काढायचा तर वळणाला निदान अठरा मीटरची त्रिज्या धरावी लागते. पट्ट्या मिळवल्या की रुंदी शेहेचाळीस मीटरच्या आसपास जाते आणि बाहेर थोडी मोकळी जागा लागतेच. तेहेतीसमध्ये वळण इतकं आवळतं की पळणाऱ्याचा घोटा जाईल. म्हणजे पोलीस भरतीची पोरं पुन्हा रिंग रोडच्या कडेने ट्रकांमधून पळणार. क्रिकेटचं तर नावच काढायला नको. तेहेतीस मीटरवर प्रत्येक दुसरा चेंडू कोणाच्या तरी खिडकीत.

मी हे सगळं त्याच कागदावर काढलं आणि लाल पेन्सिलीने घरांची हद्द आखली. ट्रॅकचं वळण त्या हद्दीबाहेर तेरा मीटर गेलं. एवढा एक कागद पुढे सगळ्या अर्जांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

सूचनेचा भाग काकांनी शोधला. विकास योजनेच्या त्याच शीटवर दोनशे मीटरवर "दुकान केंद्र" म्हणून राखलेली पस्तीस गुंठ्यांची जागा होती. तीही सार्वजनिकच, आणि वर्षानुवर्षं पडून. सगळ्या दुकानांनी मुख्य रस्त्यावर आपापली सोय केव्हाच करून घेतलेली. ग्राउंडच्या रस्त्याकडून फक्त पंचवीस मीटरची पट्टी घेतली तर तीस गुंठे मिळतात, अधिक हे पस्तीस. पासष्ट गुंठ्यांत एकशेसाठ घरं बसतात का, हे काकांच्या ओळखीतल्या एका तरुण आर्किटेक्टने आम्हाला विनामोबदला काढून दिलं. एक घर तीस चौरस मीटर चटई क्षेत्राचं धरलं.

आधी त्याने दुसरा पर्याय आणला होता. ग्राउंडच्याच पंचवीस मीटरच्या पट्टीत सात मजली इमारती, दुकान केंद्राला हात न लावता. मला तो फार आवडला, जागा कमी लागते म्हणून. तो नकाशा मी मावशींना दाखवला तर त्या म्हणाल्या, "सात मजले म्हन्जे लिफ्ट. लिफ्टचं बिल कोन भरन? बंद पडली तं पानी कोन चढवन?" घरकुल योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख बांधकामाला मिळतात. लिफ्ट चालवायला दर महिन्याला कोणी काही देत नाही. सात मजल्यांचा नकाशा आम्ही फाडून टाकला. दोन जागा, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्टची गरज नाही, हाच कायम केला.

आता सह्या. पहिल्या झटक्यात आम्ही एकच मजकूर छापून दोनशे प्रती वाटल्या होत्या. त्या घेऊन गेलो तेव्हा आवक टेबलावरच्या बाईंनी जुनी ओळखीची माणसं असल्यासारखं समजावलं. एकाच मजकुराचे दोनशे कागद अहवालात एक हरकत म्हणून एकाच ओळीत जातात. मग चार रात्री घरोघरी बसलो. ज्याने त्याने स्वतःच्या अक्षरात, स्वतःचा पत्ता घालून, ग्राउंड आपण कशाला वापरतो ते लिहायचं. एका आजोबांनी लिहिलं की बायपास झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे आणि रस्त्यावर कुत्र्यांची भीती वाटते. भरतीत लागलेल्या एका मुलीने लिहिलं की आठशे मीटरचा सराव तिने इथेच केला. मावशींनी लेकीकडून लिहून घेतलं आणि खाली सही केली. मुदतीचा शेवटचा दिवस रविवारी येत होता, म्हणून शुक्रवारीच सगळे कागद दिले. प्रत्येकाची दुसरी प्रत करून तिच्यावर पोच घेतली. सत्त्याऐंशी हरकती झाल्या. सत्त्याऐंशी शिक्के मारून घेताना तीन तास लागले आणि मी एकही शिक्का सोडला नाही.

सुनावणीचं पत्र फेब्रुवारीत आलं. सकाळी अकराची वेळ होती, आमचा नंबर दुपारी अडीचला लागला. खोली लहान, पंखा जोरात, आत एका वेळी पाच जणांना सोडत होते. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. माझ्या सुनेने, ती वकील आहे, मला आधीच एक निकाल समजावून ठेवला होता. बंगळुरूच्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मोकळी जागा हा रहिवाशांचा विषय आहे आणि ते न्यायालयात येऊ शकतात, हे त्यात मान्य झालं. पण सूनच म्हणाली होती, आई, हे तलवारीसारखं काढू नका. तिथे खासगी रुग्णालय होतं, इथे गरिबांची घरं आहेत. तुमचं बळ नकाशात आहे.

तिचं ऐकलं ते बरं झालं. अधिकाऱ्यांचा पहिलाच प्रश्न होता, "म्हणजे तुम्हाला घरं नकोत?"

"साहेब, एकशेसाठच्या एकशेसाठ घरं पाहिजेत," मी म्हटलं आणि आलेख कागद पुढे ठेवला.

त्यांनी चष्मा वर केला. लाल रेषेबाहेर गेलेल्या वळणावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. शेजारी बसलेले अभियंता म्हणाले की उरलेल्या जागेत बहुउद्देशीय कोर्ट करता येईल, वर प्रकाशझोत लावता येतील. मी म्हटलं, कोर्टवर ज्याच्याकडे बूट आहेत तो खेळतो, साहेब, आणि पळायला काही लागत नाही. माझा आवाज चढला होता. पीटीच्या बाईचा आवाज आहे, तो खोलीत मावत नाही.

नंतर मावशी बोलल्या. त्यांनी एवढंच सांगितलं की त्यांचं नाव यादीत आहे, घर हवं आहे, आणि धाकटी खो-खो खेळते, तिलाही ग्राउंड हवं आहे. अधिकाऱ्यांनी विचारलं, तुम्ही हरकतदार आहात की लाभार्थी? मावशी म्हणाल्या, "दोन्ही." ते त्यांनी लिहून घेतलं. पुढे अहवालाची प्रत मिळाली तेव्हा त्यात ती नोंद खरंच सापडली.

त्यानंतर काहीच घडेना. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. जूनमध्ये ती उठल्यावर पुन्हा दहा रुपयांचा अर्ज टाकून अहवाल मागवला, पानाला दोन रुपये भरून. आमची सूचना "विचारार्ह" ठरवून दोन्ही जागांचा मिळून सुधारित प्रस्ताव शासनाकडे पाठवावा, अशी शिफारस होती. दुकान केंद्राचं आरक्षण बदलायला वेगळी सूचना, वेगळा महिना, वेगळी सुनावणी लागली. त्या वेळी एकही विरोधाची हरकत आली नाही. मग विधानसभेची आचारसंहिता. या काळात दोनदा मला वाटलं की फाइल कायमची झोपली. काका मात्र शांत होते. शेजारच्या लेआउटमधलं बगीच्याचं आरक्षण कसं गेलं, ते तेव्हा त्यांनी सांगितलं. जमीन खासगी होती. आरक्षण पडून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. आधी नोटिशीनंतर बारा महिने मिळायचे, २०१५ नंतर चोवीस मिळतात. तेवढ्यात भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. तिथे सुनावणी नव्हती, सूचना नव्हती, कोणाला काही कळलंच नाही. "आपल्याले निदान इचारलं तरी," ते म्हणाले.

२०२५ च्या मार्चमध्ये मंजुरी आली, बदलासह. ग्राउंडची तीस गुंठ्यांची पट्टी घरांना, बाकी एकशेवीस बाय पंचाहत्तर "खेळाचे मैदान" म्हणून कायम. मावशींना माझ्या आधीच कोणीतरी फोन लावला होता. मी सांगायला गेले तर त्या तवा उतरवून दारातच उभ्या होत्या.

मला तीस गुंठे गेल्याचं वाईट वाटतं, हे लपवत नाही. कडुलिंबांतला एक त्या पट्टीत येतो. तीस वर्षांचं झाड आहे. ते नकाशात हलवता येत नव्हतं, आणि तो प्रश्न मी सुनावणीत मांडायला विसरले. आता वृक्ष समितीकडे अर्ज दिला आहे, दोन इमारतींच्या मधल्या अंतरात ते राहू शकतं का म्हणून.

जूनमध्ये मोजणी झाली. भूमापक आले, खुणेचे दगड रोवले. माझ्या मुली दगडांच्या मागे मागे पळत होत्या. मोजणी आटोपल्यावर आम्ही फक्की आणली आणि दोनशे मीटरचा ट्रॅक पहिल्यांदा पूर्ण आखला. वळण बसलं. मावशींच्या धाकटीने पहिली फेरी मारली.

मागच्या आठवड्यात घरांच्या आराखड्याची प्रत पाहायला मिळाली. इमारती आणि ग्राउंड यांच्यामध्ये सहा फुटांची सलग भिंत दाखवली आहे. घरांचं फाटक रस्त्याकडे. म्हणजे तिथल्या पोरींना ग्राउंडवर यायला अख्खा वळसा घालून, भर रहदारीतून यावं लागेल. काकांनी भिंतीवर पेन्सिलीने एक छोटी खूण केली, दीड मीटरची, आणि तिच्याखाली "फाटक" असं लिहिलं. त्याचं पत्र आज सकाळी मावशींनी आणि मी मिळून लिहिलं. सोमवारी घेऊन जातो आहोत, दोन प्रतींमध्ये.